नाटकाच्या तिकिटाचा बोजा कोणी वाहायचा?

आषाढात ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी बरडचा मुक्काम आटोपून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत शिरते आणि नातेपुत्याला विसावते. त्या रात्री गावात ठिकठिकाणी कीर्तने होतात, भारुडे होतात. भारूड हे नाटकच आहे. त्यात सोंग आहे, गाणे आहे, प्रेक्षकाशी सवालजवाब आहे आणि चार घटका हसवून माणसाला स्वतःकडे पाहायला लावण्याची हातोटीही आहे. बागायतदार आणि त्याच्या बांधावर राबणारा मजूर एकाच पटांगणात मांडी घालून बसतात. दाराशी तिकीट फाडणारा कोणी नसतो, कारण पटांगणाला दारच नसते.

याच नातेपुत्यातील एखाद्या शेतमजूर जोडप्याने व्यावसायिक मराठी नाटक पाहण्याचे मनात आणले तर काय होईल? नियमित प्रयोग होतात ते पुणे गावापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. तेथे पुढच्या रांगांचे तिकीट चारशे-पाचशे रुपयांवर जाऊन बसले आहे आणि काही प्रयोगांचे तर त्याहूनही वर. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरविण्यात आली होती. पाचशेची दोन तिकिटे म्हणजे एका माणसाची तीन दिवसांहून अधिक मजुरी. एस.टी.चे भाडे २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी वाढले. स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, एवढाच दिलासा. रात्री साडेनऊला तिसरी घंटा झाली की प्रयोग संपेपर्यंत मध्यरात्र उलटते. त्यानंतर उरलेली रात्र बसस्थानकाच्या बाकावर काढायची आणि दुसऱ्या दिवसाचा रोज बुडवायचा. नाट्यगृहाच्या खिडकीवर लिहिलेली किंमत शहरातल्या माणसाची असते. गावच्या माणसाची किंमत निराळी असते, आणि ती कोठेच लिहिलेली नसते.

तेव्हा नाटकाची तिकिटे महागली ही तक्रार खरी आहे. परंतु तक्रार खरी असली की तिच्यावर सुचविलेला उपायही खरा असतो, असे नाही. ‘दर उतरवा’ ही घोषणा कार्यकर्त्यांच्या तोंडी सहज येते. धान्याच्या, रॉकेलच्या, एस.टी.च्या बाबतीत ती वर्षानुवर्षे दिली गेली आणि तेथे ती योग्यही होती. नाटकाच्या बाबतीत मात्र ती देण्यापूर्वी थोडा हिशेब करणे भाग आहे.

सोलापूरच्या चादरीचे उदाहरण घ्यावे. हातमागावर एक विणकर दिवसभरात जेवढे कापड विणत असे, त्याच्या कितीतरी पट कापड यंत्रमागावर एक कामगार काढतो. मजुरी वाढली तरी वाराला पडणारी मजुरी घटते, म्हणून कापड तुलनेने स्वस्त होत जाते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’चे पहिले अंक १८८२ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा ते उभे करायला जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ आजही लागतो. सुभद्रेचे पद दुप्पट वेगाने म्हणून उत्पादकता वाढविता येत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहून हीच गोष्ट मांडली. इतर धंद्यांत यंत्रांमुळे मजुरी वाढत जाते; कलावंतालाही त्याच बाजारात धान्य घ्यायचे असल्याने त्याचा मोबदला वाढवावा लागतो; परंतु त्याच्या कामात यंत्र शिरत नाही. परिणामी नाटक, संगीत, शिक्षण, शुश्रूषा ही कामे इतर वस्तूंच्या मानाने महागतच जातात. यात कोणाची लबाडी नसते.

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर नटाला ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोगागणिक पैसे. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. पडद्यामागे नेपथ्य लावणारा, प्रकाशयोजनेचे दिवे चढविणारा, कपड्यांना इस्त्री करणारा, सगळ्यांचाच हिशेब नाइटीवर चालतो. त्यात नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्याच्या टेम्पोचे आणि बसचे डिझेल, वृत्तपत्रातील जाहिरात यांची भर पडते. शिवाय प्रयोग बहुतांशी शनिवार-रविवारवर येऊन ठेपले आहेत. नाटक उभे करण्याचा खर्च पूर्वी आठवड्याच्या अधिक प्रयोगांवर वाटला जाई, तो आता दोन दिवसांवर पडतो. अशा स्थितीत ‘दर उतरवा’ असे म्हटले आणि निर्मात्याने ते मान्य केले, तर उतरलेला पैसा तो कोठून काढील? मोठ्या नटाच्या मानधनातून नव्हे, कारण त्याच्या नावावर तिकिटे खपतात. तो इस्त्रीवाल्याच्या नाइटीतून काढील.

स्वस्त करमणूक कोणाच्या पाठीवर उभी राहते, हे पाहायला या जिल्ह्याने लांब जाण्याची गरज नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १९३५ मध्ये पंढरपुरात जन्मल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, त्यांच्या फडापुढे गावेच्या गावे लोटली. आणि २००२ मध्ये त्या वारल्या तेव्हा अखेरची वर्षे हलाखीत गेलेली होती. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी पुरेसा मोबदला न देता मेल्यावर पुरस्काराला नाव देणे हे या समाजाला चांगले साधते. तमाशातली बहुसंख्य माणसे ज्या जातींतून आली, त्या जातींच्या श्रमाला गावगाड्यात कधी रोकडीने मोल मिळालेच नव्हते. स्वस्त तमाशा हा त्याच व्यवस्थेचा एक भाग होता.

तथापि तमाशाच्या अर्थव्यवहारात शिकण्याजोगे काही आहे, आणि त्याकडे चळवळीतल्या शिकलेल्या माणसांनी फारसे लक्ष दिलेले नाही. फड दोन रीतींनी खेळ करतो. एक, स्वतःची कनात ठोकून तिकीट लावायचे. दुसरी, गावच्या यात्रा कमिटीकडून ‘सुपारी’ घ्यायची. म्हणजे एकरकमी मोबदला ठरवून गावाला फुकट खेळ दाखवायचा. चैत्र-वैशाखात माळशिरस, माण, फलटण या भागांत यात्रांचा हंगाम असतो. शिखर शिंगणापूरची यात्राही चैत्रातच भरते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपाऱ्या ठरवितात. सुपारीचा पैसा येतो वर्गणीतून. खेळ पाहणाऱ्या म्हातारीला वाटते, तमाशा फुकट आहे. तो फुकट नसतो. गावाने तो आधीच विकत घेतलेला असतो, आणि एकदा विकत घेतला की पाचशे जण पाहोत वा पाच हजार, खर्च तोच राहतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, आणखी एक प्रेक्षक बसला तर वाढणारा खर्च शून्य आहे. मग त्याच्याकडून तिकीट कशासाठी घ्यायचे? यात्रा कमिटीच्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या पंचांना हा सिद्धान्त ग्रंथ न वाचता कळला होता.

वर्गणीही नेहमी न्याय्य असते असे मात्र मानू नये. काही गावांत ती घरटी असते: वाड्यालाही तेवढीच आणि पालाच्या झोपडीलाही तेवढीच. हा उघडउघड डोईपट्टीचा प्रकार झाला. काही ठिकाणी ती जमिनीच्या एकरांवर बसते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांचा ऊस उभा आहे त्यांनी अधिक द्यावे आणि कोरडवाहूने कमी द्यावे, ही दुसरी रीत. यात्रेच्या तमाशासाठी वर्गणी एकरांवर की घरावर, या भांडणात करविषयक सारे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. कार्यकर्त्यांनी अशा बैठकीला अवश्य बसावे.

तिकीट ही मराठी नाटकाची मूळची रीत नव्हे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, राजाश्रय सुटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. तिकिटाने नाटकाला राजाच्या लहरीतून मोकळे केले, हे त्याचे मोठे उपकार आहेत. ज्याच्यापाशी पैसा आहे तो कोणत्याही जातीचा असो, आत येऊ शकतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परंतु राजाच्या जागी जो नागरिक आला तो समूह म्हणून आला नाही, सुटासुटा आला. त्या दिवसापासून प्रेक्षक खिडकीपाशी एकटा उभा आहे.

मधल्या काळात लोकशाही शासनाने राजाची जागा काही प्रमाणात घेतली होती. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. पुणे महापालिकेचे बालगंधर्व रंगमंदिर जून १९६८ मध्ये उघडले. इतर शहरांतही सार्वजनिक पैशातून नाट्यगृहे उभी राहिली. कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारासच पॅलेस थिएटर बांधले होते, आणि त्याच्या शेजारी कुस्तीचे खासबाग मैदान. पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळालेले हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत सापडले, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. खाजगी धंद्याच्या इमारतीसाठी कोणी असे रडत नाही. नव्या व्यावसायिक नाटकांना शासन प्रयोगागणिक अनुदान देते, हेही खरे. पण ते निर्मात्याच्या हाती पडते आणि मोठ्या शहरांच्या वर्तुळातच बव्हंशी जिरते. नातेपुत्याच्या प्रेक्षकाला त्याची झळाळी दिसत नाही.

करांची गोष्ट अधिक बोलकी आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. नाटकाच्या तिकिटाला आरंभी अडीचशे रुपयांपर्यंत माफी होती. जानेवारी २०१८ मध्ये ती मर्यादा पाचशे झाली. त्यापुढे गेले की सबंध रकमेवर १८ टक्के. म्हणजे पाचशेचे तिकीट पाचशेलाच मिळते, पण सहाशेचे सातशे आठला पडते. ही मर्यादा ठरली तेव्हापासून २०२५ पर्यंत ग्राहक किमतींचा निर्देशांक सुमारे चाळीस टक्क्यांनी वर गेला. त्या वेळच्या पाचशेचे मोल साडेतीनशेवर आले. मर्यादा हलली नाही, याचा अर्थ शासनाने कोणताही निर्णय न घेता दरवर्षी माफी थोडीथोडी काढून घेतली. चित्रपटांच्या बाबतीत शंभर रुपयांची रेघ २०१७ पासून तशीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर कर अवघा पाच टक्के करण्यात आला आणि त्याचा गाजावाजा झाला. मोठ्या शहरांच्या मल्टिप्लेक्समध्ये शंभराचे तिकीट शोधणाऱ्याला दुर्बीण लागेल, हे कोणी सांगितले नाही.

चित्रपटाचा प्रश्न नाटकाहून वेगळा आहे, आणि दोहोंना एकाच दावणीला बांधण्याची चूक सर्रास होते. नाटकात खर्च माणसांचा आहे. चित्रपट एकदा तयार झाला की तो पडद्यावर आणण्याचा खर्च उतरला आहे. रिळांच्या प्रती काढून त्या रेल्वेने पाठविण्याचे दिवस गेले. आता चित्रपट अंकीय रूपाने एका वेळी शेकडो पडद्यांवर पोचतो. असे असताना तिकीट चढत जाते, याचे कारण मजुरी नव्हे, मक्तेदारी आहे. देशातील दोन सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या फेब्रुवारी २०२३ मध्ये एक झाल्या. महाराष्ट्राने तर २००१ च्या योजनेखाली नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमणूक करात पूर्ण माफी आणि पुढची दोन वर्षे केवळ पंचवीस टक्के आकारणी दिली होती. हे अर्थसाहाय्य भांडवली स्वरूपाचे, म्हणून त्यावर आयकर लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. सार्वजनिक तिजोरीने सोडलेल्या करातून खाजगी पडदे उभे राहिले. त्यांच्यावर तिकिटाच्या दराचे बंधन मात्र कोणी घातले नाही. कर्नाटकाने सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रपटाच्या तिकिटाला करांखेरीज दोनशे रुपयांची कमाल मर्यादा लावली. तिला उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात अंतरिम स्थगिती दिली. दर उतरविण्याची घोषणा शोभते ती येथे. जेथे खंड आहे तेथे दर उतरवावा. जेथे मजुरी आहे तेथे तो वाटून घ्यावा.

वाटून घेण्याच्या नावाखाली जे चालते त्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. अलीकडे पुढाऱ्याच्या वाढदिवशी तालुक्याच्या गावी मोफत कार्यक्रम होतात: कधी लावणी, कधी विनोदी नाटकाचा कॉन्ट्रॅक्ट प्रयोग. मंडप भव्य असतो, पहिल्या दहा रांगा कोचांच्या असतात, आणि नाटक सुरू होण्यापूर्वी तास-दीड तास सत्कार चालतात. हा पैसा आला कोठून, हे विचारायची सोय नसते. प्रेक्षक येथे तिकीट देत नाही, मत देतो. भाव्यांच्या काळी एका सांगलीत एक संस्थानिक होता. साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या पट्ट्यात आता मंडलागणिक आहेत. त्यापेक्षा तिकीट बरे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

समाजवादी चळवळीचा स्वतःचा वारसा निराळा आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, राम नगरकर अशी माणसे गावोगाव फिरली. बार्शीच्या अमर शेखांनी आणि अण्णा भाऊ साठ्यांनी लाल बावटा कलापथकातून तेच केले. बैलगाडीच्या धक्क्यावर रंगमंच उभा राहिला आणि लोकांनी भाकरी घालून तो चालविला. या वारशाचा अभिमान अवश्य धरावा. परंतु त्यातून धोरण काढू नये. कलापथकातले तरुण वेतन घेत नव्हते. त्यांचा त्याग हाच त्या नाटकाचा अनुदाता होता. ज्याला नाटकावर संसार चालवायचा आहे त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या मुलांच्या ताटातून वर्गणी काढणे होय.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही ऐकला पाहिजे. राज्य नाट्यस्पर्धेचे तिकीट नाममात्र असते, तरी कित्येक केंद्रांवर खुर्च्या रिकाम्याच राहतात. मग किमतीचे रडगाणे कशाला? आक्षेप पोकळ नाही. नाटक पाहण्याची सवय लावावी लागते, आणि जेथे दहा वर्षांत प्रयोग झालेला नाही तेथे ती केवळ स्वस्ताईने लागणार नाही. शिवाय ही केंद्रेही मोठ्या शहरांतच असतात, तेव्हा रिकाम्या खुर्च्यांचा दाखला गावच्या माणसाविरुद्ध वापरणे रास्त नव्हे. त्याला खुर्ची देऊ केली कोणी?

नातेपुते ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपंचायत झाली. तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत पार पडली. गाव ग्रामपंचायतीचे होते तेव्हा संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत सांस्कृतिक कार्य हा पंचायतीचा विषय होता. आता बाराव्या अनुसूचीतील तेराव्या नोंदीप्रमाणे सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक अंगांचे संवर्धन हा नगरपंचायतीचा विषय आहे. गटारे आणि दिवे यांच्या रांगेतच तो बसविला आहे. मात्र अनुसूचीत नोंद असणे वेगळे आणि अंदाजपत्रकात रक्कम असणे वेगळे.

रक्कम आणायची कोठून, याचेही उत्तर संविधानातच आहे. २०१६ च्या १०१ व्या दुरुस्तीने करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला, परंतु पंचायत किंवा नगरपालिका बसवील आणि वसूल करील तेवढा करमणूक कर राज्यसूचीच्या ६२ व्या नोंदीत शिल्लक ठेवला गेला. तामिळनाडूने २०१७ मध्येच त्यासाठी कायदा केला. महाराष्ट्रातही असा कायदा करून मोठ्या शहरांतील मल्टिप्लेक्सच्या महागड्या तिकिटावर अल्पसा स्थानिक कर बसविता येईल, आणि सहायक अनुदानाच्या वाटेने त्यातला ठरावीक हिस्सा लहान नगरपंचायतींना प्रयोग विकत घेण्यासाठी देता येईल. ही एकरांवरची वर्गणीच झाली. फक्त शीव गावची नसून राज्याची. नाटकावरील पाचशेची मर्यादा किंमत-निर्देशांकाशी जोडावी, आणि जो निर्माता तिचा लाभ घेईल त्याने मागच्या काही रांगा एका दिवसाच्या मजुरीच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक दराने विकू नयेत, अशी अट घालावी. ३१२ रुपये धरले तर ते तिकीट ७८ रुपयांचे होते.

नगरपंचायतीला भव्य नाट्यगृह नको. वातानुकूलित इमारती बांधायच्या, ठेकेदारांची धन करायची आणि पाच वर्षांत त्यांचे छत गळू द्यायचे, हा प्रकार महाराष्ट्राने पुरेसा पाहिला आहे. पक्का ओटा, वीजजोड, नटांना कपडे बदलायला दोन खोल्या, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि पावसाळा सोडून आठ महिने मोकळे आभाळ एवढ्यावर काम भागते. नगरपंचायतीने वर्षाला चार प्रयोग, त्यांतला एक तमाशाचा, ठोक मोबदल्याने घ्यावेत. नाइटी कोणाला किती मिळाल्या याचा तक्ता फळ्यावर लावावा. प्रेक्षकाकडून काहीच घेऊ नये की दहा-वीस रुपये घ्यावेत, हे वॉर्डसभेने ठरवावे. पहिल्या रांगेत कोच ठेवू नयेत.

यातली कायद्याची बाब मुंबईत सुटायची आहे आणि तिला वेळ लागेल. ओट्याची तशी नाही. नगरपंचायतीच्या पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, अशी मागणी फेब्रुवारीपूर्वी लेखी द्यावी लागेल. त्याच अर्जाची एक प्रत एस.टी.च्या आगार व्यवस्थापकांना द्यावी: प्रयोगाच्या रात्री आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांसाठी साडेबाराला दोन जादा गाड्या सोडाव्यात म्हणून.